संस्कारांचीं नांवें व त्यांचे अर्थ

"पवित्र संस्कार किती?" असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या तासाला केला असतां मुलें तत्काळ "सात" म्हणतात, आणि त्या सातांचीं नांवेंहि एका दमांत म्हणून दाखवितात: स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. येथपर्यंत सारें सुरळीत चालतें. परंतु "संस्कार म्हणजे काय?" हा पुढचा प्रश्न निघाला कीं वर्ग स्तब्ध होतो. मग कोणी धीर करून म्हणतो, "चांगल्या संवयी"; कोणी म्हणतो, "आईवडिलांनीं लाविलेलें वळण." हीं उत्तरें ऐकून हंसूं नये. मराठी बोलण्यांत संस्कार शब्दाचा अर्थ तोच आहे, आणि मुलें बोलतात ती भाषा आपणच त्यांस शिकविलेली असते.

ह्या लेखांत प्रवचन करण्याचा आमचा हेतु नाहीं. हें वार्षिक ख्रिस्ती घरीं जातें तसें हिंदु, मुसलमान व बौद्ध घरींहि जातें, आणि ज्यांचीं मुलें आमच्या शाळेंत शिकतात त्या सर्व पालकांस आमच्या उपासनेंतील शब्दांचा अर्थ ठाऊक असावा, इतकें त्यांचें आमच्याशीं नातें आहे. ख्रिस्ती पालकांस मात्र याहून थोडें अधिक सांगावयाचें आहे. धर्मांतील शब्द नीट न समजल्यानें केवळ परीक्षेंतील गुण जातात असें नव्हे, कित्येकदां त्यापायीं घरांतल्या माणसाचें कधींहि भरून न येणारें नुकसान होतें. तें कसें, हें पुढें येईलच.

प्रथम मूळ शब्द पाहूं. लॅटिन भाषेंत या विधींस 'साक्रामेंतुम' म्हणतात. रोमन सैन्यांत दाखल होणारा शिपाई सेनापतीशीं एकनिष्ठ राहण्याची जी शपथ वाही, तिचें हें नांव होय. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज येथील टर्टुलियन नामक पंडितानें इ. स. २०० च्या सुमारास तो शब्द ख्रिस्ती विधींस लाविला. स्नान घेणारा मनुष्य शिपायासारखाच नव्या निष्ठेनें बांधला जातो, ही कल्पना त्यामागें होती. ग्रीक बोलणारे ख्रिस्ती यांसच 'मिस्टेरियोन' म्हणजे गूढ म्हणत. अशा रीतीनें एका बाजूस मनुष्यानें वाहिलेली शपथ आणि दुसऱ्या बाजूस देवाचें गूढ, असे दोन पदर या शब्दास पहिल्यापासून आहेत.

पोर्तुगीज लोक आमच्या किनाऱ्यावर आले तेव्हां त्यांच्याबरोबर शब्दहि उतरले. पाद्री, क्रूस, मिस्सा, इगर्जी हे शब्द आज वसईपासून गोव्यापर्यंत इतके घरचे झाले आहेत कीं ते परके वाटतच नाहींत. कोंकणी बोलणाऱ्या घरांत पापनिवेदनास अद्यापि 'कुमसार' म्हणतात. मराठींत मात्र पुढें संस्कृत शब्दांकडे ओढा वाढला आणि साक्रामेंतास 'संस्कार' असें नांव रूढ झालें. हा शब्द निवडणारांनीं निवड वाईट केली असें आम्ही म्हणणार नाहीं. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत सोळा संस्कार मानणाऱ्या समाजांत, जीवनाच्या महत्त्वाच्या टप्प्यांवर धर्म मनुष्याचा हात धरतो, ही गोष्ट निराळी समजावून द्यावी लागत नाहीं. ज्याच्या घरीं मुंज झाली आहे त्या विद्यार्थ्यास दृढीकरण म्हणजे काय हें आमच्या कांहीं ख्रिस्ती विद्यार्थ्यांहून लवकर उमगतें, असा आमचा अनुभव आहे! तथापि या शब्दांत शपथ नाहीं, गूढ नाहीं, आणि मुख्य म्हणजे 'खूण' हा अर्थ नाहीं. आणि कॅथॉलिक शिकवणुकींत संस्काराचा प्राण खुणेंतच आहे.

संस्कार म्हणजे ख्रिस्तानें स्थापिलेली, डोळ्यांस दिसणारी अशी खूण, कीं जी अदृश्य कृपा दर्शविते आणि जें दर्शविते तेंच घडवून आणते. या व्याख्येंतील शेवटला भाग महत्त्वाचा आहे. स्टेशनावर गार्ड हिरवा बावटा दाखवितो, ती गाडी सुटण्याची खूण खरी. पण बावट्यानें गाडी चालत नाहीं, ती इंजिनानें चालते. संस्काराची खूण तशी नव्हे. पाणी धुतें हें सर्वांस ठाऊक आहे. स्नानसंस्काराचें पाणी आत्म्याचें धुणें दाखवितें आणि त्याच क्षणीं तें धुणें घडतें, असा कॅथॉलिकांचा विश्वास आहे. ही खूण दोन गोष्टींनीं बनते: एक द्रव्य किंवा कृति, जसें पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस, हात ठेवणें, आणि दुसरी त्याबरोबर उच्चारलेले नेमके शब्द. पाणी आहे पण शब्द नाहींत, तर ती आंघोळ झाली. शब्द आहेत पण पाणी नाहीं, तर ती प्रार्थना झाली. दोहोंचा मेळ बसला म्हणजे संस्कार.

दुसरा शब्द 'कृपा'. मुलें येथें फार वेळां 'पुण्य' असें लिहितात, आणि तेथेंच सारा घोटाळा होतो. पुण्य मनुष्य जोडतो, साठवितो. त्याचा हिशेब त्याच्या नांवावर असतो. कृपा जोडतां येत नाहीं, ती फुकट मिळते. म्हणूनच संस्कारास किंमत नाहीं. चर्चमध्यें मिस्सेच्या वेळीं किंवा लग्नाच्या वेळीं जें दान देतात तें धर्मगुरूंच्या निर्वाहासाठीं व चर्चच्या खर्चासाठीं असतें, आणि ज्यापाशीं तें नसेल त्यास त्या कारणानें संस्कार नाकारूं नये, असा धर्मनियमच आहे. त्याचप्रमाणें, देणारा धर्मगुरु स्वतः कसा आहे यावर कृपा अवलंबून नसते. चौथ्या शतकांत उत्तर आफ्रिकेंत डोनॅटिस्ट नांवाचा पंथ निघाला होता. छळाच्या काळांत जे धर्मगुरु डगमगले त्यांच्या हातचे संस्कार खोटे, असें त्यांचें म्हणणें. संत ऑगस्टीन यांनीं त्यास उत्तर दिलें कीं स्नान देणारा खरा ख्रिस्तच होय, मनुष्य केवळ त्याचा हात आहे. हें तत्त्व ज्यास कळलें त्याचा विश्वास, एखाद्या धर्मगुरूंचें वर्तन पाहून एकदम ढासळत नाहीं. त्या वर्तनाचा जाब विचारूं नये असा मात्र याचा अर्थ नव्हे.

सात ही संख्या निश्चित होण्यास बराच काळ लागला. बाराव्या शतकांत पॅरिस येथें पीटर लोंबार्ड यांनीं आपल्या ग्रंथांत सातांची यादी दिली. पुढें १२७४ मध्यें ल्यों येथील, १४३९ मध्यें फ्लॉरेन्स येथील आणि १५४७ मध्यें ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें ती मान्य केली. आमचे प्रॉटेस्टंट बंधु स्नान व प्रभुभोजन हीं दोनच ख्रिस्तानें स्थापिलेलीं म्हणून त्या नांवानें मानतात. हा मतभेद जुना आहे व त्याचा निवाडा शालेय वार्षिकांत होण्यासारखा नाहीं. दोन्ही घरचीं मुलें एकाच बांकावर बसतात, त्यांस एकमेकांचे शब्द ठाऊक असले म्हणजे पुष्कळ झालें.

आतां एकेक नांव घेऊं. सर्वांस सारखा वेळ देणार नाहीं.

'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द बुडविणें या अर्थाच्या धातूपासून आला आहे. कित्येक घरांत यास बारशाचें ख्रिस्ती रूप समजतात. मुलास नांव ठेवणें हा त्यांतील लहानसा भाग आहे, मुख्य भाग नव्हे. मुख्य गोष्ट ही कीं बालक येथें मंडळीचें घटक होतें. या संस्काराविषयीं एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. एरव्हीं स्नान धर्मगुरु देतात. परंतु नवजात बालक अत्यवस्थ असेल आणि धर्मगुरु पोहोंचण्यास अवधि नसेल, तर तें कोणीहि मनुष्य देऊं शकतो: बाप, आजी, सुईण, परिचारिका, इतकेंच नव्हे तर ख्रिस्ती नसलेली व्यक्तिहि. चर्चला जें करावयाचें असतें तेंच आपण करीत आहों, असा हेतु मनांत असावा, बालकाच्या मस्तकावर पाणी ओतावें, आणि ओततांना पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें आपण यास स्नान देत आहों असे शब्द उच्चारावे, इतकें पुरे आहे. फ्लॉरेन्सच्या परिषदेनें १४३९ मध्येंच हें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. ज्या धर्मावर परक्यांस दूर ठेवण्याचा आरोप होतो, त्यानें आपलें पहिलें दार उघडण्याची किल्ली अडचणीच्या वेळीं परक्याच्याहि हातीं दिली आहे, ही गोष्ट आमच्या ख्रिस्तेतर वाचकांस कौतुकाची वाटेल.

धर्मपिता व धर्ममाता यांविषयीं एक शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. हल्लीं त्यांची निवड करतांना सोन्याची सांखळी कोण घालील हें आधीं पाहतात. नियम असा आहे कीं ती व्यक्ति सोळा वर्षें पूर्ण झालेली, दृढीकरण व ख्रिस्तशरीर घेतलेली आणि आपला धर्म आचरणारी असावी. मुलाच्या विश्वासाची जबाबदारी आईबापांच्या जोडीनें उचलावयाची असते; सांखळीचा उल्लेख कोठेंहि नाहीं.

दृढीकरणांत बहुधा बिशप कपाळावर सुगंधी तेल लावितात. त्या तेलास 'क्रिस्म' म्हणतात, आणि 'ख्रिस्त' हा शब्दहि त्याच मुळापासून निघाला आहे: ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. स्नान, दृढीकरण व गुरुदीक्षा या तिहींचा ठसा आत्म्यावर कायमचा उमटतो, म्हणून हे तीन संस्कार जन्मांत एकदांच होतात. कोणी धर्म सोडून गेला व पुढें परत आला तरी त्यास पुन्हां स्नान देत नाहींत.

ख्रिस्तशरीर संस्कारास ग्रीक भाषेंत 'युखरिस्त' म्हणजे उपकारस्तुति असें नांव आहे. मिस्सेंत अर्पिलेली भाकर व द्राक्षारस हीं ख्रिस्ताचें शरीर व रक्त होतात, ही कॅथॉलिक धर्माची अगदीं गाभ्याची श्रद्धा होय. पूर्वीं मुलांस हा संस्कार बऱ्याच उशीरां मिळे. पोप दहावे पायस यांनीं १९१० मध्यें ठरविलें कीं समज येण्याचें वय, म्हणजे सुमारें सातवें वर्ष, हेंच योग्य होय. सामान्य भाकर व ही भाकर यांतील भेद मुलास कळला म्हणजे पुरे. आजोबा-आजींस आठवत असेल कीं तेव्हां आदल्या मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटहि घेतां येत नसे. १९५३ मध्यें पाणी पिण्यास मोकळीक मिळाली, १९५७ मध्यें उपवास तीन तासांवर आला, व १९६४ पासून तो एका तासाचा आहे. इतकी सवलत मिळाल्यावर तरी तो तास पाळला जावा. प्रथम ख्रिस्तशरीराच्या दिवशीं मात्र आमच्याकडे पांढऱ्या झग्याची, मांडवाची व जेवणावळीची चर्चा महिनाभर आधीं सुरू होते, आणि ज्या मुलासाठीं हें सर्व चाललें आहे त्यास काय मिळणार आहे हें विचारण्यास कोणास सवड होत नाहीं.

शाळेच्या मिस्सेस येणाऱ्या ख्रिस्तेतर पाहुण्यांच्या मनांत एक शंका असते, ती येथेंच दूर करूं. सर्वांबरोबर बसवितात आणि प्रसादाच्या वेळीं मात्र आम्हांस देत नाहींत, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? नव्हे. तो प्रसाद हातीं घेतांना मनुष्य "आमेन" म्हणतो, म्हणजे हें ख्रिस्ताचें शरीर आहे असें मी मानतों, अशी कबुली देतो. ज्याचा तसा विश्वास नाहीं त्याच्या तोंडीं ती कबुली घालणें हाच त्याचा अपमान ठरेल. ज्या कॅथॉलिकाच्या मनांत गंभीर पाप आहे त्यासहि तो आधीं पापनिवेदन केल्यावांचून घेतां येत नाहीं.

'प्रायश्चित्त' हें नांव आम्हांस फारसें पसंत नाहीं. मराठींत प्रायश्चित्त म्हटलें कीं शिक्षा डोळ्यांसमोर उभी राहते. वास्तविक या संस्कारांत चार गोष्टी असतात: पश्चात्ताप, धर्मगुरूंपाशीं पापनिवेदन, त्यांच्याकडून मिळणारें पापमोचन, आणि शेवटीं त्यांनीं सांगितलेली प्रार्थना किंवा सत्कृत्य. प्रायश्चित्त हें या चवथ्याचें नांव, आणि त्यांतल्या त्यांत तेंच लहान आहे. १९७३ मध्यें या संस्काराचा नवा विधि प्रसिद्ध झाला तेव्हांपासून 'समेट' या अर्थाचा शब्द अधिक वापरांत आला, तो आम्हांस बरा वाटतो. मुलांची भीति असते ती निराळीच: फादर आईला सांगतील! त्यांनीं हें पक्कें ध्यानांत ठेवावें कीं पापनिवेदनांत ऐकलेली गोष्ट धर्मगुरु आईस, मुख्याध्यापकांस, पोलिसांस, न्यायाधीशांस, कोणासहि सांगूं शकत नाहींत. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें हें गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून जन्मभर मठांत प्रायश्चित्त करण्याची शिक्षा ठरविली होती; आजच्या नियमानें जाणूनबुजून गुपित फोडणारा तत्क्षणीं धर्मबहिष्कृत होतो. आईनेंहि मुलास घरीं आल्यावर "काय काय सांगितलेंस?" असें विचारूं नये. विचारणें हा प्रेमाचा भाग वाटतो, पण त्यामुळें मूल पुढल्या वेळीं अर्धेंच सांगतें.

गुरुदीक्षेचे डीकन, धर्मगुरु व बिशप असे तीन क्रम आहेत, इतकें येथें पुरे. विवाहाविषयीं एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे, कारण ती ऐकून जुने लोकहि चकित होतात. लॅटिन परंपरेच्या चर्चमध्यें, म्हणजे आपल्याकडील बहुतेक कॅथॉलिकांच्या चर्चमध्यें, विवाहाचा संस्कार धर्मगुरु देत नाहींत. वधू वरास देते आणि वर वधूस देतो. धर्मगुरु चर्चच्या वतीनें साक्षी असतात. दोघांची मोकळी संमति हाच त्या संस्काराचा प्राण होय. तेव्हां बापाच्या धाकानें, किंवा हुंड्याची बोलणी मोडूं नयेत म्हणून, मुलीनें मान खालीं घालून "होय" म्हटलें, तर वेदीपुढें जें घडलें त्यास चर्च विवाह मानीलच असें नाहीं. धाकानें दिलेली संमति धर्मनियमाप्रमाणें संमतीच नव्हे. वरच्या वर्गांतील मुलींनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें, आणि त्यांच्या वडिलांनींहि.

आतां ज्या एका नांवापायीं हा लेख लिहावयास घेतला तें राहिलें.

आजाऱ्यास तेल लावून प्रार्थना करण्याची चाल अगदीं पहिल्या ख्रिस्ती पिढीची आहे. याकोबाच्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत ती सांगितली आहे: कोणी दुखणाईत असल्यास मंडळीच्या वडिलांस बोलवावें, त्यांनीं प्रभूच्या नांवानें तेल लावून प्रार्थना करावी. तेथें मरणाचें नांवहि नाहीं. उलट प्रभु त्यास उठवील असें आश्वासन आहे. परंतु मध्ययुगांत हा संस्कार हळूहळू आयुष्याच्या अगदीं टोंकास सरकला, आणि त्यास लॅटिनमध्यें 'शेवटला अभ्यंग' असें नांव पडलें. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ मध्यें निघालेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत याचें असें कारण दिलें आहे कीं चर्चमध्यें जे तैलाभ्यंग होतात त्यांत हा क्रमानें शेवटला. पण लोकांनीं क्रम कोठून पाहावा? त्यांनीं 'शेवटला' एवढेंच ऐकलें.

मराठींत तर याहून अनर्थ झाला. कित्येक घरांत या संस्कारास 'अंतिम संस्कार' म्हणतात. आणि अंत्यसंस्कार म्हणजे मराठींत प्रेत पोहोंचविणें. जिवंत माणसाच्या उशाशीं उभें राहून "यांचा अंतिम संस्कार करावयाचा आहे" असें म्हणणें किती भयंकर आहे, हें कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. मग आजाऱ्यास धक्का बसेल म्हणून घरचे लोक धर्मगुरूंस बोलावणें लांबवितात. डॉक्टर पहिल्या दिवशीं येतो आणि धर्मगुरु शेवटल्या तासाला.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच घडलें. आजी तीन आठवडे अंथरुणास खिळून होत्या. दोन वेळां त्यांनीं "फादरांना बोलवा" म्हणून सांगितलें. थोरल्या मुलाचें आईवर अतिशय प्रेम. त्यास वाटलें, फादर दारांत दिसले कीं आई हाय खाईल. "तूं बरी होशील, मग आपण चर्चलाच जाऊं," असें म्हणून त्यानें दोन्ही वेळां त्यांची समजूत घातली. अखेर एके रात्रीं वाचा बंद झाली तेव्हां धांवाधांव झाली. फादर आले, त्यांनीं अभ्यंग केला. बेशुद्धावस्थेंतहि तो करतां येतो. पण आजींस पापनिवेदन करतां आलें नाहीं, ख्रिस्तशरीर गिळतां आलें नाहीं. फादरांशीं काय बोलावयाचें होतें तें त्यांच्याबरोबरच गेलें. पुढें कित्येक महिन्यांनीं त्या मुलानेंच हें आम्हांस सांगितलें. "आईला काय सांगायचं होतं, सर?" असें तो आम्हांस विचारीत होता. त्यास दोष देण्याचें आमच्या मनांतहि आलें नाहीं. त्यानें लहानपणापासून जो शब्द ऐकला त्याप्रमाणें तो वागला.

खरें पाहतां चर्चनें हा शब्द कधींच बदलला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६३ मध्यें सांगितलें कीं या संस्कारास रुग्णाभ्यंग म्हणणें अधिक योग्य, आणि तो केवळ मरणोन्मुख माणसासाठीं नाहीं. पोप सहावे पॉल यांनीं १९७२ मध्यें त्याचा विधि सुधारला; जेथें ऑलिव्हचें तेल मिळण्यास कठीण तेथें दुसरें वनस्पतीचें तेल चालेल अशी मोकळीकहि दिली. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीं, गंभीर आजार सुरू होतांच, किंवा निश्चित असा रोग नसतांहि वार्धक्यानें फार थकलेल्या माणसास तो देतां येतो. बरें होऊन पुन्हां आजार आला, किंवा त्याच आजारानें उचल खाल्ली, तर पुन्हां घेतां येतो. तो देण्याचा अधिकार मात्र धर्मगुरूंस व बिशपांसच आहे, आणि तो जिवंतांसाठीं आहे, मृतांसाठीं नाहीं. इतकीं वर्षें लोटलीं तरी घरांतल्या बोलण्यांत जुनेंच नांव फिरत राहावें, याचें आम्हांस मोठें आश्चर्य वाटतें.

शिवाय 'अभ्यंग' हा शब्द मराठी माणसास भिवविणारा मुळींच नाहीं. दिवाळीच्या पहाटे आई अंगास तेल लाविते तें अभ्यंगस्नान कोणास नकोसें वाटतें? तेल लावणें म्हणजे आपल्या भाषेंत माया करणें. हाच अर्थ चर्चच्या तेलांतहि आहे, आणि इतका आयता शब्द हाताशीं असतां आपण 'अंतिम' म्हणून तो झांकून टाकतों.

मग शेवटला संस्कार कोणता? तोहि आहे, पण तो तेलाचा नव्हे. मरणाच्या वाटेवर असलेल्यास जें ख्रिस्तशरीर देतात त्यास लॅटिनमध्यें 'व्हियाटिकुम' म्हणतात, म्हणजे प्रवासांत लागणारा शिधा. त्यास मराठींत 'शिदोरी' याहून चांगला शब्द शोधूनहि सांपडणार नाहीं. दूर गांवीं निघालेल्या माणसाच्या हातीं घरचें कोणीतरी फडक्यांत बांधून देतें ती शिदोरी. आमची पालकांस व धर्मशिक्षण देणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस विनंति आहे कीं त्यांनीं मुलांपुढें हे दोन शब्द वापरावे, आजाऱ्यास अभ्यंग आणि निघालेल्यास शिदोरी, आणि 'अंतिम संस्कार' हा शब्द अंत्यविधीसाठींच राखून ठेवावा. एक पिढी असें बोलली तर दुसऱ्या पिढीस तो भयाचा गोळा पोटांत येणार नाहीं.

घरीं धर्मगुरु यावयाचे असतील तेव्हां फारशी तयारी लागत नाहीं. लहानसें मेज, त्यावर स्वच्छ पांढरें वस्त्र, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी. दूरदर्शन बंद करावें. धर्मगुरु प्रथम आजाऱ्याशीं एकांतांत बोलतील, तेवढा वेळ इतरांनीं बाहेर थांबावें. मग सर्वांनीं आंत यावें. पूर्वीं डोळे, कान, नाक, ओठ, हात व पाय अशा सर्व ठिकाणीं तेल लावीत, आतां कपाळावर व हातांवर लावितात. नातवंडांस त्या वेळीं शेजारीं पाठवूं नये. प्रार्थनेस जें उत्तर द्यावयाचें असतें त्यांत त्यांचाहि आवाज असावा.